ताळेबंदातले आकडे खोटे निघाले, तर कर्ज कोणाला महाग पडते?

दोंडाईचाच्या बाजारात मका किंवा मिरची विकणाऱ्याला कंपन्यांच्या ताळेबंदाशी काय देणेघेणे, असे वाटू शकते. पण माल उधारीवर दिला, पतसंस्थेत ठेव ठेवली किंवा ट्रॅक्टरसाठी कर्ज काढले, की आपण कोणाच्या तरी हिशेबावर विश्वास टाकलेला असतो. तो हिशेब खोटा निघाला तर काय होते, ते समजून घेऊ.

कर्जाचा दर कसा ठरतो?

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला. तरीही प्रत्येकाचे कर्ज तितकेच स्वस्त होत नाही. कर्ज देणारा मूळ दरावर जोखमीचा आकार चढवतो. कर्जदाराचे आकडे पटले नाहीत, तर व्याज वाढते किंवा अर्जच परत येतो.

आकडे फसले, तेव्हा काय झाले?

मुंबईच्या आयएल अँड एफएस समूहाला ऑगस्ट २०१८ पर्यंत 'एएए' हे सर्वोच्च मानांकन होते. सप्टेंबरमध्ये समूहाने देणी थकवली आणि मानांकन थेट तळाला गेले. बँका व म्युच्युअल फंडांनी इतर फायनान्स कंपन्यांनाही पैसा देताना हात आखडला. वाहनकर्ज मोठ्या प्रमाणात याच कंपन्या देतात. म्हणजे चूक एकाची, पण पैशाची टंचाई सगळ्यांना.

२०१९ मध्ये पीएमसी बँकेत एचडीआयएल समूहाची थकीत कर्जे लपवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवल्याचे पोलिस तक्रारीत नमूद झाले. निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला फक्त १ हजार रुपये काढता येत होते.

खान्देशाला हा अनुभव नवा नाही. जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी (बीएचआर) मल्टिस्टेट पतसंस्थेत हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले आणि २०१५ मध्ये तिथे अवसायक नेमावा लागला.

हिशेब पाहायला कुठे मिळतो?

शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपनीला दर तिमाहीचे निकाल जाहीर करावे लागतात. मक्यापासून स्टार्च बनवणारी दोंडाईचाची युनिव्हर्सल स्टार्च केम अलाइड मुंबई शेअर बाजारात नोंदलेली असल्याने तिचे आकडे मोबाइलवरही पाहता येतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीची कागदपत्रे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून मिळतात. भागीदारी पेढी किंवा एकट्या मालकाच्या दुकानाचे हिशेब मात्र असे खुले नसतात. तिथे उधारीची मर्यादा आपणच आखावी लागते.

काय तपासाल?

• नफा आणि रोकड : कागदावर नफा दिसतो, पण व्यवसायातून रोकड येत नाही, असे सलग काही वर्षे असेल तर सावध व्हा.

• येणे बाकी : विक्रीपेक्षा उधारी वेगाने वाढत असेल, तर माल खपला तरी पैसा वसूल होत नाही, असा अर्थ निघू शकतो.

• लेखापरीक्षकाचा शेरा : अहवालात 'अमुक बाब वगळता' असे मत दिले असेल, तर ती बाब आधी वाचा. लेखापरीक्षकाने मुदतीआधी राजीनामा दिला असेल, तर कारण शोधा.

• तारण : मालमत्तेवर आधीच कोणाचा बोजा आहे, हे मंत्रालयाच्या नोंदीत दिसते.

• ठेव विमा : फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही. बाजारापेक्षा बरेच जास्त व्याज मिळत असेल, तर पतसंस्थेचा लेखापरीक्षण वर्ग आणि थकबाकी विचारा. सभासदाला वार्षिक अहवाल मागण्याचा हक्क आहे.

मानांकन हे तज्ज्ञांचे मत असते, हमी नसते. म्हणून मोठी उधारी देताना किंवा आयुष्यभराची पुंजी ठेवताना एकाच कागदावर विसंबू नका, आणि सगळा पैसा एकाच ठिकाणी ठेवू नका.