गडकरी पत्त्यावर आहेत, वाचनात?

‘शनिवारी गडकरीला आहे,’ असं ठाण्याच्या नौपाड्यात कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कुठलं नाटक?’ मासुंदा तलावाकाठचं, १९७८ साली सुरू झालेलं रंगायतन म्हणजे गडकरी. ज्यांचं नाव त्याला दिलं त्या नाटककार राम गणेश गडकरींना गुरू मानणाऱ्या आचार्य अत्र्यांच्या नावाचं कल्याणात रंगमंदिर आहे, ठाण्याच्या विष्णुनगरात कट्टा. लेखक जुना झाला की आपण त्याचा आधी पत्ता करतो.

पत्त्यापलीकडची आठवण मात्र गमतीशीर आहे. दर ३१ डिसेंबरला पोलीस ‘तळीरामां’ना पकडतात. सुधाकराला दारूच्या नादी लावणारा ‘एकच प्याला’तला हा तळीराम बातमीत रुळला, नाटक न वाचलेल्यांनाही तो कळतो. त्याच नाटकातली पदं अजून मैफलीत रंगतात, पण ती वि. सी. गुर्जरांची. नाटक रंगभूमीवर येण्याआधीच, जानेवारी १९१९मध्ये, गडकरी वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी गेले होते. २०१७ साली पुण्यातल्या एका उद्यानातला त्यांचा पुतळा उखडला गेला, तेव्हा भांडण पेटलं ते ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या राहिलेल्या नाटकावरून.

म्हणजे नाव, पात्र, वाद सगळं शिल्लक आहे. मागे पडलं ते वाचन. दोष एकट्या वाचकाचा नाही. गडकरींची लांबलचक स्वगतं, अनुप्रास, कोट्या हे सारं कसलेल्या नटाच्या दमसासासाठी आणि रात्र जागवणाऱ्या प्रेक्षकांसाठी लिहिलेलं. लोकलमध्ये उभ्यानं मनातल्या मनात वाचताना दुसऱ्याच पानाला धाप लागते.

ठाण्यात वाचायची सोय मात्र जुनी आहे. १८९३ साली इथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं. ते उभारणाऱ्यांत पुढे होते वि. ल. भावे, ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास मांडणारे. पण ‘भाव्यांकडून पुस्तक बदलून आणतो’ असं ठाण्यात कुणी म्हणत नाही.

गडकरी वाचायला घ्यायचे तर ‘बाळकराम’पासून घ्यावेत. या टोपणनावानं त्यांनी विनोदी लेख लिहिले. त्यांत ठकीसाठी स्थळ शोधायची मोहीम आहे: मंडळी लढाईला निघाल्यासारखी तयारी करतात आणि जमत आलेली लग्नं नाना कारणांनी मोडतात. मोबाइलवर स्थळं चाळणाऱ्या घरात हे लेख मोठ्यानं वाचून पाहावेत. हसू आलं, तर गडकरींचं पुढचं पुस्तक बदलून आणायला हरकत नाही.