सव्वाआठ फुटांची वाट आणि राष्ट्रीय दर्जा

राळेगणसिद्धीला राज्यभरातून लोक येतात ते बहुतेक पुणे-नगर महामार्गावरून, गाडीने. यादवबाबांचे मंदिर, नालाबांध, डोंगरउतारावरचे समतल चर पाहतात आणि त्याच दिवशी परततात. याच पारनेर तालुक्याच्या उत्तर अंगाने दोन हजार वर्षांपूर्वीची व्यापारी वाट गेली आहे, याची मात्र फार थोड्यांना कल्पना असते. ही वाट पायी चालणाऱ्यांसाठी राखली जावी आणि तिला राष्ट्रीय दर्जा मिळावा, असे मला मनापासून वाटते. तो मिळवायचा कसा, ते पाहू.

वाट कोणती?

सातवाहनांच्या काळात सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरला आणि तिथून प्रतिष्ठानला, म्हणजे पैठणला जाई. नाणेघाटाच्या माथ्याशी सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख असलेले लेणे आहे. वर आल्यावर एक मोठा दगडी रांजण दिसतो; जकातीची नाणी त्यात टाकत, अशी परंपरा सांगते. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. पूर्वेला पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या लेण्यात सप्तमातृकांचा शिल्पपट आहे. पुढे प्रवरेकाठी नेवासे येते. तिथे ह. धी. सांकलियांनी १९५४ ते १९५६ या काळात केलेल्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरे निघाली. ज्ञानेश्वरीही इथेच सांगितली गेली.

या वाटेचे एक टोक मुंबई महानगराला टेकते, पुणे आणि नगर हाकेच्या अंतरावर आहेत. टाकळी ढोकेश्वरहून पारनेरमार्गे राळेगण आणि हिवरेबाजार अशी शाखा काढली, तर लेण्यांबरोबर पाणलोटाचे कामही पायी पाहता येईल.

अमेरिकेने काय केले?

तिथे २ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्रीय पायवाटांचा कायदा झाला. ॲपलाचियन आणि पॅसिफिक क्रेस्ट या पहिल्या दोन ‘निसर्गरम्य’ वाटा. हा दर्जा फक्त संसद देते, आणि त्याआधी सहसा व्यवहार्यतेचा अभ्यास होतो. शहरांना सोयीच्या, लहान वाटांसाठी वेगळा ‘विरंगुळा’ गट आहे. तो दर्जा मंत्री देऊ शकतो.

आपल्या कामाचे उदाहरण न्यू इंग्लंड वाटेचे आहे. ती दाट वस्तीच्या मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमधून, बरीचशी खासगी जमिनीवरून जाते. २००२ मध्ये अभ्यासाला मंजुरी मिळाली, दर्जा २००९ मध्ये. मधली वर्षे गावोगावी बैठका घेण्यात आणि जमीनमालकांची संमती मिळवण्यात गेली.

आपल्याकडचे दरवाजे

भारतात असा कायदा नाही. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याने लेणे जपता येते, पण दोन लेण्यांमधली वाट त्यात बसत नाही. वन्यजीव कायद्याने जमिनीला मिळणारे संरक्षण अभयारण्यासारख्या राखीव क्षेत्रांच्या हद्दीपुरते.

पायी चालण्याच्या मार्गाला राष्ट्रीय दर्जा मिळाल्याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण म्हणजे पालखी मार्ग. ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९६५ झाला, तुकाराम महाराज पालखी मार्ग ९६५ जी. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. दिवेघाट ते मोहोळ सुमारे २२१ किलोमीटर, पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे १३०, आणि दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी पदपथ, अशी ती योजना. दिंड्यांना रुंद जागा मिळणे गरजेचेच होते. पण या कामात जुने वड गेले, आणि आषाढात पाऊस दडी मारतो तेव्हा सावलीची किंमत वारकऱ्यालाच कळते. महामार्गाचा कायदा वाहनांसाठी आहे. पायवाटेला त्या दारातून नेले की ती रुंद होते, आणि रुंदीबरोबर डांबर-काँक्रीट येते.

नकाशावरची तुटक रेषा

तलाठ्याकडचा गावनकाशा उघडा. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो; त्याची रुंदी सव्वाआठ फूट. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेचा, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. जमिनीवर मात्र ही रुंदी क्वचितच भरते. दर नांगरटीला एकेक तास आत घेतला जातो आणि काही वर्षांत बांधाएवढीच वाट उरते. जमीन महसूल संहितेचे कलम १४३ किंवा १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा शेतकऱ्याला शेतात जायला रस्ता देतो. परक्या वाटसरूसाठी त्यात काही नाही. ग्रामपंचायतीला मात्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली सार्वजनिक रस्त्यावरचे अतिक्रमण काढता येते. माझ्या मते आपली खरी पकड इथे आहे.

सुरुवात ग्रामसभेपासून

राळेगणमध्ये १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाण्याची कामे झाली, तेव्हा कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावाने स्वतः ठरवून पाळली. वाटेचेही तसेच व्हावे. टाकळी ढोकेश्वर ते राळेगण हा पहिला टप्पा धरावा. वाटेवरच्या प्रत्येक ग्रामसभेने आपल्या हद्दीतला पायमार्ग भूमी अभिलेख खात्याकडून मोजून घेण्याचा ठराव करावा, हद्दीचे दगड रोवावेत, कडेला वड-लिंब लावावेत. जिथे वाट खासगी शेतातून जाते तिथे मालकाची लेखी संमती घ्यावी आणि पीक उभे असताना वाट बांधावरून वळवावी. मुक्कामाची पद्धत आपल्याला शिकवावी लागत नाही. निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी नगर जिल्ह्यातूनच जाते आणि गावे तिला जेवू घालतात.

हे ठराव, मोजणीचे नकाशे आणि संमतिपत्रे एकत्र करून जिल्हा परिषदेमार्फत राज्याच्या पर्यटन विभागाकडे द्यावीत, आणि नगरच्या खासदारांनी पायवाटांच्या स्वतंत्र कायद्याचे अशासकीय विधेयक लोकसभेत मांडावे.