फाइल दिल्लीत, माणूस रामपुरी कॅम्पात

अमरावतीच्या रामपुरी कॅम्पात किंवा अकोल्याच्या सिंधी कॅम्पात एकाच आडनावाच्या दोन चुलत घरांची कागदपत्रं अगदी निराळी असू शकतात. एका घरातले आजोबा फाळणीच्या धामधुमीत सिंधमधून आले. १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन इथेच राहिलेल्या अशा लोकांना राज्यघटनेच्या सहाव्या कलमानं थेट नागरिक मानलं. त्या तारखेनंतर आलेल्यांना सहा महिने राहून नोंदणी करावी लागली. दुसऱ्या घरातली माणसं कितीतरी वर्षांनी आली. त्यांच्या हातात पाकिस्तानचा पासपोर्ट आहे, नागरिकत्वाचा अर्ज दिलेला आहे आणि उत्तर यायचं आहे. ही मधली वर्षं कायद्यानं कशी चालतात, हे त्यांना अनेकदा तुकड्यातुकड्यांनी कळतं, तेही कोणाच्या तरी ऐकीव अनुभवातून. म्हणून इथे ते सलग मांडतो.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. नुसता अर्ज दिल्यानं कोणताही हक्क मिळत नाही. निर्णय होईपर्यंत माणूस कायद्यानं परदेशीच असतो. त्याला इथे राहू देतो तो लाँग टर्म व्हिसा, म्हणजे एलटीव्ही. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या अल्पसंख्याकांसाठी ही खास सोय आहे. हा व्हिसा ठरावीक मुदतीचा असतो आणि मुदत संपण्याआधी वाढवून घ्यावा लागतो. परदेशी नागरिक म्हणून नोंद पोलिसांकडे होते: अमरावती शहरात आयुक्तालयात, अकोल्यात पोलिस अधीक्षकांच्या कार्यालयात. फाइल दिल्लीत आहे, आता व्हिसाकडे बघायची गरज काय, असा समज सगळ्यांत घातक. व्हिसाची मुदत उलटल्यावरही राहिलेला माणूस बेकायदा स्थलांतरित ठरू शकतो, आणि बेकायदा स्थलांतरिताला नागरिकत्वाची नेहमीची वाट कायद्यानं बंद आहे.

या व्हिसावर जगणं २०१६ पासून बरंच सुसह्य झालं. त्या वर्षी केंद्रानं बँक खातं, पॅन, आधार, वाहन परवाना, स्वतःचा धंदा आणि स्वतः राहण्यापुरतं घर घेण्याची मुभा दिली. नागरिकत्वाच्या नोंदणीचं शुल्कही हजारोंवरून शंभर रुपयांवर आणलं. मतदान, सरकारी नोकरी आणि भारतीय पासपोर्ट मात्र नाही. फिरण्याची मोकळीक दिली ती राहत्या राज्यापुरती. कापडाचा धंदा करणाऱ्याला हे लगेच जाणवतं. अकोल्याहून मुंबईला तो सरळ जाईल, पण माल घ्यायला सुरतेला जायचं तर राज्याची हद्द ओलांडावी लागते आणि परवानगीचा प्रश्न येतो. अमरावती जिल्ह्याच्या सीमेपलीकडे मध्य प्रदेश सुरू होतो. तिथल्या बुऱ्हाणपूरच्या लग्नालाही हाच नियम.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा या वस्त्यांमध्ये काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. परराष्ट्र मंत्रालयानं त्याच सुमारास स्पष्ट केलं की पाकिस्तानी हिंदूंचे एलटीव्ही कायम राहतील. पण एका सरकारी आदेशावर अख्खं घर अवलंबून असणं म्हणजे काय, हे त्या दिवसांत सगळ्यांनाच दिसलं.

आता फाइलचा प्रवास. जुन्या पद्धतीत अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात येतो, पोलिस आणि गुप्तवार्ता यंत्रणेची चौकशी होते, मग कागद मंत्रालयातल्या गृह विभागातून दिल्लीच्या गृह मंत्रालयाकडे जातात. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रानं देशातल्या १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना या समाजांचे अर्ज स्वतः निकालात काढण्याचे अधिकार दिले. त्यात महाराष्ट्रातले मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर होते. अमरावती आणि अकोला नव्हते. म्हणजे नागपूरच्या जरीपटक्यात राहणाऱ्याचा निर्णय त्याच्याच जिल्ह्यात होऊ शकत होता, आणि शेजारच्या अमरावतीतल्या त्याच्या भावाची फाइल मुंबईमार्गे दिल्लीला. माणूस तोच, कायदा तोच, फरक फक्त पत्त्याचा. वऱ्हाडावर हा अन्याय झाला असं मला मनापासून वाटतं. विभागीय आयुक्तालय असलेल्या शहरात हे अधिकार देण्यात अडचण काय होती, हे समजत नाही.

वास्तव्याची मोजणी हा दुसरा नाजूक भाग. अर्जाच्या लगत आधीचे बारा महिने सलग भारतात काढलेले हवेत. २०१५ च्या दुरुस्तीनं यात जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट देण्याचा अधिकार केंद्राला दिला, तोही खास कारणासाठी. सिंधमध्ये आई वारली आणि मुलगा दोन महिने तिकडे राहिला, तर बारा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायची वेळ येऊ शकते. अमेरिकेत ग्रीन कार्डवर राहणाऱ्या अमरावतीच्या मुलांनाही असंच गणित सांभाळावं लागतं. तिथे सलग वर्षभर बाहेर राहिलं की वास्तव्य सहसा खंडित धरतात. फरक इतकाच, की त्यांना आईला भेटायला अमरावतीला येता येतं.

बारा महिन्यांच्या आधीचीही वर्षं लागतात. भारतीय वंशाच्या माणसाला त्याआधीच्या आठ वर्षांपैकी सहा वर्षं पुरतात. पण भारतीय वंशाचा कोण? जो स्वतः किंवा ज्याचे आई-वडील यांपैकी एक अविभाजित भारतात जन्मले तो. वडील १९४० मध्ये सक्करला जन्मले असतील तर मुलगा यात बसतो. आई-वडील दोघंही १९५० नंतर त्याच गल्लीत जन्मले असतील तर बसत नाही. पिढी पुढे सरकते तशी ही वाट आपोआप बंद होत चालली आहे. मग उरतं ते देशीयकरण. त्यासाठी आधीच्या चौदा वर्षांपैकी अकरा वर्षं, अधिक शेवटचे बारा महिने.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यानं ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी ही अकरा वर्षं पाचवर आणली. त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले. इथे मार्ग पूर्ण वेगळा आहे. ऑनलाइन अर्ज, टपाल खात्याच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडून कागदांची तपासणी आणि निष्ठेची शपथ, मग राज्यस्तरीय अधिकारप्राप्त समितीचा निर्णय. आठव्या परिशिष्टातली एक भाषा येते असं जाहीर करावं लागतं. सिंधी १९६७ पासून त्या परिशिष्टात आहे, त्यामुळे मराठी अजून जमत नसलेल्या आजीलाही अडचण येऊ नये. दाखला मिळाला की प्रवेशाच्या दिवसापासूनच नागरिक धरलं जातं. २०२५ च्या सूट-आदेशानं ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना कागदांअभावी होणाऱ्या कारवाईपासून संरक्षण दिलं. नागरिकत्वाची तारीख मात्र त्यानं पुढे गेली नाही. या दोन तारखांची गल्लत करू नये.

सगळ्यात जास्त घोटाळा मुलांच्या बाबतीत होतो. अकोल्याच्या दवाखान्यात जन्म, महापालिकेचा जन्मदाखला, शिक्षण मराठी शाळेत, तरी आई-वडील दोघंही पाकिस्तानी असतील तर डिसेंबर २००४ नंतर जन्मलेलं मूल जन्मानं भारतीय होत नाही. त्याचेही व्हिसाचे कागद वेळेवर करावे लागतात. आई-वडिलांना नागरिकत्व मिळाल्यावर अल्पवयीन मुलाची नोंदणी त्यांच्या आधारानं करता येते. ही सोय अठरा वर्षांपर्यंतच आहे. वडिलांची फाइल रेंगाळली आणि मुलगा तेवढ्यात सज्ञान झाला, तर त्याला स्वतःच्या पायावर अर्ज करावा लागतो, स्वतःच्या वास्तव्याचे पुरावे जोडून. म्हणून पहिलीच्या प्रवेशापासूनचे शाळेचे दाखले घरात नीट जपून ठेवावेत आणि मूल सोळा-सतरा वर्षांचं झालं की जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन फाइल कुठे आहे ते लेखी विचारावं.