जुनी सी-क्लास काय काय सांगते

2015 च्या सुमारास चाकणच्या कारखान्यातून निघालेली मर्सिडीज सी-क्लास शोरूममध्ये 40 लाखांच्या घरात होती. आज तीच सेडान मधल्या आकाराच्या नव्याकोऱ्या एसयूव्हीपेक्षा कमी पैशांत मिळते. 10 वर्षांत पत्र्याचं, इंजिनाचं एवढं काय बिघडतं? नीट राखलेली असेल तर फारसं काहीच नाही. भाव पडतो तो घेणाऱ्याच्या धास्तीने, आणि ती धास्ती अगदीच खोटी नाही. गाडीची किंमत उतरते, पण तिच्या स्पेअर पार्टची उतरत नाही. हेडलाइट फुटला की बिल 40 लाखांच्या गाडीचंच येतं.

म्हणून घासाघीस शेवटी. आधी गाडीकडून तिची सगळी हकीकत काढून घ्यायची. गंमत अशी की, विकणाऱ्याने कितीही पॉलिश मारलं तरी ती सांगतेच.

रंगापासून सुरुवात करू. कारखान्यात रोबोंनी दिलेला रंग, आतल्या प्रायमरपासून वरच्या चकचकीत लॅकरपर्यंत सगळे थर धरून, साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाड असतो. आपला केस 70 मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे ऊन, पाऊस आणि गेटबाहेरच्या पोरांचा चेंडू हे सगळं दोन केसांच्या जाडीवर पेललेलं असतं! दार ठोकून, पुट्टी भरून पुन्हा रंगवलं की हीच जाडी 300, 500, कधी त्याहूनही वर जाते. जुने दलाल खिशातला लोहचुंबक लावून बघायचे. पुट्टीवर तो चिकटत नाही. पण 2014 मध्ये आलेल्या सी-क्लासपुढे ही युक्ती थिटी पडली, कारण बॉनेट आणि दारांसह तिचा बाहेरचा बराचसा पत्रा ॲल्युमिनियमचा आहे. तिथे चुंबक पुट्टी नसतानाही चिकटत नाही.

मग जाडी मोजायची कशी? मुठीत मावणारं एक यंत्र मिळतं. त्यातल्या तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडतात. ते वेटोळं ॲल्युमिनियमजवळ नेलं की त्या धातूत, कुठेही तार न जोडता, विजेचे बारके भोवरे उठतात आणि ते वेटोळ्याला विरोध करतात. मध्ये रंगाचा थर जितका जाड, तितका हा विरोध क्षीण. यंत्र तो फरक मोजतं आणि पडद्यावर मायक्रॉन दाखवतं. मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये प्रयोगशाळेत दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन आज आपल्याला मागच्या डाव्या दाराचा अपघात सांगतं, हे मला अजूनही थोडं जादूसारखंच वाटतं. एखादं दार किंवा बंपरशेजारचा पत्रा रंगवलेला निघाला तर घाबरायचं कारण नाही. शहरात ते होतंच. छत आणि दारांमधले पिलर मात्र कोणी हौसेने रंगवत नाही. तिथे आकडा फुगला, किंवा बॉनेट उघडल्यावर चाकावरचा आतला पत्रा, म्हणजे ॲप्रन, कापून जोडलेला दिसला, तर नमस्कार करून निघावं.

मीटरची गोष्ट याहून रंगतदार. आकडा मागे फिरवणारे कारागीर प्रत्येक शहरात आहेत. पण या वर्गातल्या गाड्यांत कॉम्प्युटर एकटा नसतो. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, एअरबॅग, प्रत्येकाचा वेगळा. एखादा दोष उमटला की तो किती किलोमीटरवर उमटला, हेही बरेचदा सोबत नोंदलं जातं. समोरचं मीटर 62,000 म्हणतंय आणि स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावल्यावर कुठल्याशा सेन्सरची तक्रार 94,000 वर नोंदलेली निघते, तेव्हा विकणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॉडेलांत तर किल्लीच किलोमीटर लक्षात ठेवते. स्कॅनर नसला तरी डोळे आहेत: ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगचं चामडं, आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, जी प्रत्येक चढउतारीला घासली जाते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. 30,000 किलोमीटर चाललेल्या म्हणवणाऱ्या गाडीला तिसरा संच कशाला लागला, हे विचारायला हरकत नाही.

आता यंत्राकडे. त्या काळच्या सी 220 डिझेलमध्ये 2,143 सीसीचं इंजिन आहे. कॅमशाफ्ट फिरवणारी चेन बहुतेक इंजिनांत पुढच्या बाजूला असते. इथे ती मागे, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे, आणि तिच्या जोडीला दंतचक्रं. प्रत्येक सिलिंडरमधल्या स्फोटागणिक क्रँकशाफ्ट किंचित पिळला जातो आणि परत सुटतो. त्याचं पुढचं मोकळं टोक जास्त थरथरतं. मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असल्याने ते बरंच स्थिर राहतं. चेन तिथे नेली की तिला हिसके कमी बसतात. किती शहाणा विचार! बीएमडब्ल्यूनेही 2007 पासून 320डीच्या इंजिनात चेन मागेच ठेवली, आणि पहिल्या काही वर्षांच्या त्या इंजिनांत नेमकी चेनच झिजून बदनाम झाली. मागे असल्याने ती बदलायची तर गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं. पार्ट हजारांत, मजुरी लाखात. त्यामुळे विकणाऱ्याला सांगून ठेवावं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून ते गार आहे ना, ते बघावं. थंड इंजिन सुरू होताना मागून साखळी खडखडल्यासारखा आवाज आला, तर पुढची बोलणी त्या आवाजाच्या हिशेबाने.

त्या सी-क्लासचा सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तर अचाट आहे. त्याचा कॉम्प्युटर बाहेर कुठे डब्यात नसतो, गिअरबॉक्सच्या आत गरम तेलात बुडालेला असतो आणि वर्षानुवर्षं तसाच काम करतो. क्लच झिजत जातील तसा दाब किती द्यायचा, हे तो स्वतःच शिकत राहतो. पण तेल वेळेवर बदललेलं नसेल तर हे सगळं कौतुक आवरतं घ्यावं लागतं. आतला सेन्सर गेला की गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसते, आणि तो कॉम्प्युटर चोरीविरोधी यंत्रणेशी बांधलेला असल्याने भंगारातून दुसरा आणून नुसता बसवता येत नाही. सर्व्हिसच्या कागदांत मी सगळ्यात आधी गिअर ऑइलची नोंद शोधतो.

महाराष्ट्रात एक गोष्ट मात्र सोडू नये: पाणी. मुंबई, सांगली, कोल्हापूर इथल्या पुरांत बुडालेल्या गाड्या विमा कंपन्या लिलावात काढतात आणि त्या धुऊनपुसून पुन्हा बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. रोजच्या वापरात जो भाग कधी बाहेर येतच नाही, तिथे गढूळ पाण्याची रेघ सापडते. सीटखाली वाकून एअरबॅगचे पिवळे कनेक्टर बघा, पिनांवर हिरवट गंज आहे का. गालिच्याखालचा जाड फोम महिनोन्महिने ओल धरून ठेवतो. काच बंद करून 10 मिनिटं बसलं की नाकाला ती कळते.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण थोडक्यात आटपतं. दिल्ली परिसरात 10 वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयांनी घातलेल्या बंधनांमुळे तिकडच्या कित्येक गाड्या स्वस्तात इकडे आल्या. अशी गाडी घ्यायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला टॅक्स आणि पुन्हा पासिंग हे सगळं किमतीत धरावं. एमएच पासिंगची असेल तर फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, आरसीवर बँकेचा बोजा उरलेला नाही याची खात्री, थकलेली चलनं. आणि दुसरी किल्ली टोकन देण्याआधीच मागावी. ती हरवली असेल तर नवी किल्ली गाडीला ओळखवून घ्यायचा खर्च किमतीतून वळता करायला सांगावं.