समूहगीताच्या संघात जागा कोणाला?

पावसाळ्यात महाविद्यालयं भरू लागली की सूचनाफलकावर सांस्कृतिक विभागाचा कागद लागतो : युवक महोत्सवासाठी समूहगीत, लोकवाद्यवृंद, सुगम गायन यांच्या निवड चाचण्या अमुक दिवशी. कागद वाचणारे पुष्कळ, नाव देणारे थोडे. न देणाऱ्यांना विचारलं तर उत्तरं ठरलेली असतात. गाणं शिकलेलो नाही. आवाज बरा नाही. अभ्यास बुडेल. शेवटी घेतात ते ओळखीच्यांनाच. यातली पहिली तीन कारणं तपासून पाहिली की टिकत नाहीत. चौथ्यात तथ्य आहे, त्याचा विचार शेवटी करू. पण चारही कारणांच्या मुळाशी एकच समजूत दिसते. समूहात गाणं-वाजवणं ही एकट्याने गाण्याच्या खालची पायरी आहे, आणि वरच्या पायरीवर ज्यांचा पाय ठरतो त्यांच्यासाठीच ती राखीव आहे, अशी ती समजूत. ती चुकीची आहे, कारण समूहसंगीत हे स्वतंत्र कौशल्य आहे. त्याचा बराचसा भाग संघात येण्याआधी कोणाकडेच नसतो, तो तालमीत घडतो.

आधी या उपक्रमाची चौकट पाहिलेली बरी, कारण निम्मे गैरसमज नियम न वाचल्यामुळे होतात. आंतरविद्यापीठ युवक महोत्सवाची परंपरा १९५४ साली दिल्लीच्या तालकटोरा उद्यानात भरलेल्या महोत्सवापासून सांगितली जाते. आज भारतीय विद्यापीठ संघाच्या नियमांनुसार विद्यापीठ, विभाग आणि राष्ट्रीय पातळी अशा टप्प्यांनी स्पर्धा पुढे जातात. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा आपसातला ‘इंद्रधनुष्य’ हा वेगळा महोत्सव आहेच. भारतीय समूहगीताच्या संघात जास्तीत जास्त ६ गायक आणि ३ साथीदार असतात. १० मिनिटांत दोन गाणी म्हणायची, एक देशभक्तिपर आणि एक लोकगीत. परीक्षण फक्त गायनाचं होतं, वेशभूषा आणि हावभावांना गुण नाहीत. वयाची अट २५ वर्षांच्या आतली. विद्यार्थी पूर्णवेळ असावा लागतो, पण तो कोणत्या शाखेचा आहे याची अट कुठेही नाही. रसायनशास्त्राची, वाणिज्यची, अभियांत्रिकीची मुलं पात्र आहेत आणि पदव्युत्तर वर्गातलीही पात्र आहेत. संगीताच्या परीक्षेचं प्रमाणपत्र जोडायला सांगणारा नियम तर नाहीच नाही.

‘नियमात नसलं तरी व्यवहारात शास्त्रीय शिकलेलाच लागतो’ हा पुढचा आक्षेप. तो नीट तपासायला तालमीच्या खोलीत डोकवायला हवं. तिथली पहिली अडचण पट्टीची असते. मुलगे साधारण काळी एकच्या आसपास मोकळे गातात, मुली काळी चार-पाचमध्ये. सहा जणांत दोन्ही असतील तर कोणालाच पूर्ण सोयीची नसलेली पट्टी निवडावी लागते, किंवा एकच ओळ दोन सप्तकांत वाटून द्यावी लागते. मग येतो उच्चार. ओळ ‘त’वर किंवा ‘ट’वर संपत असेल आणि प्रत्येकाने तो आपापल्या सोयीने सोडला, तर सभागृहात एका ‘त’ऐवजी सहा ‘त’ ऐकू येतात. तो एका मात्रेवर आणायला कधीकधी अख्खी संध्याकाळ जाते. श्वासाचंही तसंच. लांब ओळीत सगळ्यांनी एकाच जागी श्वास घेतला तर सूर तुटतो, म्हणून कोणी कुठे चोरून श्वास घ्यायचा हे आधी ठरवून ठेवावं लागतं. यातली एकही गोष्ट ख्यालाच्या शिकवणीत वेगळी शिकवली जात नाही. उलट वर्षानुवर्षं एकट्याने गायलेल्या गळ्याला जागा दिसली की हरकत घ्यायची सवय असते. ती हरकत मैफलीत शोभते, समूहात ती ओळ फोडते. संघात एक-दोन तयार गळे हवेत हे मान्य, कारण सूर धरून ठेवायला आणि अवघड जागा सोडवायला ते लागतातच. पण सहाही तयार गळे एकत्र आणले म्हणजे समूहगीत तयार होतं, असं नाही.

शिवाय आपल्याकडे समूहाने गाण्याची परंपराच परीक्षा न दिलेल्यांनी चालवलेली आहे. शाहिराच्या मागे झील धरणारे, गोंधळातले साथीदार, गावोगावची भजनी मंडळं यांतल्या फार थोड्यांनी कधी वर्ग लावला असेल. तरी झिलकरी शाहिराची ओळ उचलून चढ्या सुरात नेमक्या मात्रेवर परत आणतो, तीही कित्येक तास. ते त्याला ऐकून ऐकून आलेलं असतं. युवक महोत्सवातलं लोकगीत याच परंपरेतून येतं, त्यामुळे लहानपणी काकड आरतीला बसलेल्या मुलाची तयारी संघाच्या दृष्टीने मोलाची आहे. शहरी परंपराही आहे. सलील चौधरींनी मुंबईत १९५०च्या दशकात ‘बॉम्बे यूथ कॉयर’ उभा केला, आणि भारतीय गाणी अनेक आवाजांच्या रचनेत बांधून तरुणांकडून गाऊन घेता येतात हे दाखवून दिलं. समूहगान म्हणजे पाश्चात्त्यांची उसनवारी, हा समजही त्यामुळे गळून पडतो.

‘माझा आवाजच बेसूर आहे’ म्हणणाऱ्यांचं काय? जन्मजात सूर न कळणं ही अवस्था खरी आहे. संशोधक तिला अम्युझिया म्हणतात. मात्र ती विरळ आहे. इझाबेल पेरेत्झ आणि डॉमिनिक वुवान यांनी हजारो लोकांच्या चाचण्यांवर बेतलेल्या २०१७ सालच्या अभ्यासात तिचं प्रमाण सुमारे १.५ टक्के दिलं आहे. बाकीच्यांना चुकलेला सूर ऐकू येतो. ऐकू येतो म्हणून तर त्यांना स्वतःची लाज वाटते. त्यांचं अडतं ते ऐकलेला सूर गळ्यातून नेमका काढण्यात, आणि ही बाब सरावाने सुधारते. समूहात एक अडचण मात्र वाढते. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं, आणि या परिणामाला आजही त्यांचंच नाव आहे. सहा जण एकमेकांवर आवाज चढवत गेले की सगळेच सुराच्या वर सरकतात. म्हणून चांगला प्रशिक्षक ‘अजून मोकळं गा’पेक्षा ‘शेजारचा ऐकू येईल इतकं गा’ हे जास्त वेळा सांगतो. ज्याचा आवाज लहान आहे पण कान जागा आहे, तो इथे उपयोगी पडतो. निवड चाचणीत मुलांना बहुधा एक गाणं एकट्याने म्हणायला लावतात, त्यात हा गुण दिसतच नाही. दोन अनोळखी मुलांना शेजारी उभं करून एक ओळ एकत्र म्हणायला लावली तर तो मिनिटभरात दिसेल. चाचणी घेणाऱ्यांनी एवढा बदल जरूर करावा.

गाणं नकोच असेल त्यांच्यासाठी लोकवाद्यवृंद आहे, आणि गैरसमजांमुळे सर्वांत जास्त नुकसान होतं ते इथेच. हा संघ १२ जणांपर्यंतचा असतो, म्हणजे समूहगीतातल्या गायकांच्या दुप्पट जागा. हलगी, संबळ, दिमडी, चौंडकं, तुणतुणं, ढोलकी, सुंद्री, टाळ अशी वाद्यं त्यात येतात. यातल्या बहुतेकांचं शिक्षण संस्थांच्या वर्गात मिळत नाही. ते घरातून, देवळातून, जत्रेतून येतं. हलगीचं चामडं विस्तवावर कधी आणि किती शेकायचं, टिपरू कुठे पडलं की कडकडाट निघतो, हे हलगीवाल्याच्या घरातल्या मुलाला ठाऊक असतं. पण अर्जातल्या ‘संगीत शिक्षण’ या रकान्यात तो ‘नाही’ लिहितो, किंवा अर्जच करत नाही. त्याच्या हातातली विद्या हीच संघाची खरी गरज आहे, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं. ज्या मुलांनी कधीच काही वाजवलेलं नाही त्यांनाही टाळ आणि तुणतुण्यापासून सुरुवात करता येते. ती सोपी म्हणून दुय्यम ठरत नाहीत, कारण तुणतुण्याचा षड्ज डळमळला की वरचं सगळं डळमळतं. ही वाद्यं मुलींची नव्हेत, हा आणखी एक समज. नियमात संघ मुलांचा, मुलींचा किंवा मिश्र कसाही चालतो. गोव्यात घुमटाला २०१९ साली राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा मिळाला. घोरपडीच्या कातड्यावर कायद्याने बंदी असल्यामुळे ते आता बकऱ्याच्या कातड्याने मढवतात. ही वाद्यं टिकायची असतील तर ती विशी-बाविशीतल्या हातांत जायला हवीत.

अभ्यास बुडण्याची भीती पालकांना जास्त असते, आणि ती रास्त आहे. तालीम रोज दोन-तीन तास घेते, स्पर्धा जवळ आली की त्याहून अधिक. पण हा ताण वर्षभराचा नाही. समूहगीताची मुख्य तयारी काही आठवड्यांची असते, आणि ती बहुधा सत्राच्या पहिल्या भागात येते. शिवाय राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात लागू झालेल्या पदवीच्या आराखड्यात सह-अभ्यासक्रमाचं सदर आहे. एनएसएस, एनसीसी, क्रीडा यांच्याबरोबर सांस्कृतिक उपक्रम आणि कला यांनाही त्यात श्रेयांक मिळण्याची सोय आहे. आपल्या महाविद्यालयात ती कशी राबवतात हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावं. गुणांपलीकडचा लाभही मोजून पाहिलेला आहे. ऑक्सफर्डच्या एलुनेड पिअर्स, रॉबिन डनबर आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गायनाचे वर्ग आणि हस्तकला-लेखनाचे वर्ग यांची सात महिने तुलना केली. शेवटी जवळीक सगळ्याच गटांत सारखी झाली होती, पण गाणाऱ्यांची फार लवकर झाली होती. हा निष्कर्ष फुगवून सांगण्याचं कारण नाही. तरी जिल्ह्याच्या गावाहून पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात आलेल्या मुलीसाठी पहिले दोन महिनेच सर्वांत कठीण असतात, तेव्हा ‘लवकर’ या शब्दाला वजन आहे.

आता ओळखीचा मुद्दा. बऱ्याच ठिकाणी मागच्या वर्षीचाच संघ पुढे चालवला जातो, आणि बक्षीस आणणारी मुलं पदवी पूर्ण होईपर्यंत जागा सोडत नाहीत. हे खरं आहे. मात्र याला पक्षपात म्हणण्याआधी ६ जागांचं गणित पाहावं. हजारो विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात ६ गायक घेतले तर उरलेले बाहेर राहणारच, चाचणी कितीही प्रामाणिक असो. दोष आहे तो स्पर्धेचा संघ हाच महाविद्यालयाचा एकमेव वृंद मानण्यात. क्रिकेटचा अकरा जणांचा संघ निवडला म्हणून मैदान बाकीच्यांना बंद होत नाही. तालमीची खोली मात्र बंद होते. संवादिनी आहे, तबला आहे, संध्याकाळी खोलीही रिकामी असते, तेव्हा वीस-पंचवीस जणांचा कायमचा वृंद चालवायला वेगळा खर्च नाही. लागतो तो एक शिक्षक आणि आठवड्याचे दोन ठरलेले वार. त्या वृंदातूनच पुढच्या वर्षीचे सहा निघतील, आणि न निघालेले उरलेले एकोणीस वर्षभर गात राहतील. प्राध्यापकांनी ही खोली उघडी ठेवावी. आणि विद्यार्थ्यांनी कागद लागण्याची वाट न पाहता पहिल्या पंधरवड्यातच सांस्कृतिक विभागात जाऊन नाव द्यावं. गाण्यासाठी जमत नसेल तर साथीसाठी द्यावं, आणि घरी संबळ किंवा हलगी असेल तर अर्जात ते सगळ्यात आधी लिहावं.