पीहू म्हणजे आपला पावशाच

रोहिणखेडला एका बारशाला गेलो होतो. बुलडाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातलं हे गाव. पाळण्याभोवती बायकांची दाटी झाली होती. आत्यानं बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ केलं आणि नाव सांगितलं, ‘पीहू’. बायकांना नाव आवडलं. ओसरीवर बसलेले आजोबा मात्र म्हणाले, “हे कोनतं नाव व्हय बाप्पा? आपल्या घरात असं नाव नाही कोनाचं.”

आजोबांच्या आईचं नाव मैनाबाई. नातीला तेच नाव द्यावं, अशी त्यांची इच्छा होती. ‘शाळेत पोरं मैना म्हणून चिडवतील,’ हे सुनेचं म्हणणं आत्यानं त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यावरून म्हातारा रुसला. बाळाला मांडीवर घेतलं, पण नावानं हाक मारीना.

खरं म्हणजे भांडणाचं कारणच नव्हतं. दोन्ही नावं पाखरांचीच आहेत.

‘पीहू’ हे नाव हिंदीतून आलं. पपीहा नावाचा पक्षी ‘पीहू, पीहू’ किंवा ‘पी कहाँ’ असं ओरडतो, अशी तिकडची समजूत आहे. हा पपीहा म्हणजे आपला पावशा. उन्हाळ्याच्या शेवटी मशागत आटोपते, शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो, तेव्हा आमराईतून चढत जाणाऱ्या सुरात तो हाका मारू लागतो. मराठी शेतकऱ्याला त्या हाकेत ‘पेर्ते व्हा’ ऐकू येतं. पाखरू एक, सूरही एकच. हिंदीत तो प्रियकराला शोधतो आणि आपल्याकडे पेरणीची आठवण करून देतो. नावांच्या काही याद्यांत पीहूचा अर्थ ‘मोराचा आवाज’ असा दिलेला असतो, तो बरोबर नाही. मोराच्या ओरडण्याला आपल्याकडे ‘केका’ असा वेगळा शब्द आहे.

पाखरांवरून माणसांची नावं ठेवायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. मैना, साळू ही नावं अंगणात दिसणाऱ्या साळुंकीची. हिलाच संस्कृतात सारिका म्हणतात. म्हणजे आजीची मैना आणि शहरातली सारिका एकाच पक्ष्याच्या नावाच्या. राघू हे पोपटाचं नाव आणि रघुनाथाचं लाडकं नावही तेच. चिमणाबाई या नावात चिमणी आहे आणि चिमणं, म्हणजे इवलंसं, हा अर्थही आहे. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या दोन्ही राण्यांचं सासरचं नाव चिमणाबाई होतं. खेड्यातलं म्हणून आपण जे नाव टाकून देतो, ते राजवाड्यातही चालत होतं.

काही नावांत तर पाखरू आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही. शकुंत म्हणजे पक्षी. महाभारतात कण्वांना रानात एक तान्ही मुलगी सापडली. तिच्याभोवती शकुंत पक्षी राखण करीत होते, म्हणून तिचं नाव शकुंतला. कौशिक हे कुळाचं नाव खरं, पण संस्कृतात कौशिक म्हणजे घुबडसुद्धा! मोरेश्वर हे मोरगावच्या मयूरेश्वराचं नाव. बारामतीचे कवी मोरोपंत (१७२९-१७९४) स्वतःला ‘मयूर’ म्हणवीत आणि त्यांनी आपल्या एका काव्याचं नाव ‘केकावली’ ठेवलं. केकावली म्हणजे मोराच्या हाकांची माळ. एका कवीनं आपल्या नावाचा अर्थ किती मनावर घ्यावा, याचा हा नमुना आहे.

मोठ्या संख्येनं ठेवलं गेलेलं रोहित हे नाव घ्या. रोहित म्हणजे तांबूस, लाल. फ्लेमिंगो या गुलाबी पक्ष्यालाही मराठीत रोहित म्हणतात. तो हिवाळ्यात उजनीच्या धरणावर आणि मुंबईत शिवडीच्या खाडीत थव्यानं उतरतो. आपल्या नावाचा पक्षी पाहिलेले रोहित किती निघतील?

पक्ष्याचं नाव ठेवताना पक्षी नीट माहीत असला, तर आणखी गंमत कळते. गोड गळ्याच्या मुलीला आपण कोकिळा म्हणतो. पण ‘कुहू कुहू’ गातो तो काळाभोर नर, कोकीळ. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची. ती ‘किक् किक्’ असं तुटक ओरडते. पिसारा मोराचा, मयूरीला तो नसतो. संस्कृत काव्यातला हंस म्हणजे चित्रातला लांब मानेचा विलायती हंस नव्हे, असं जाणकार सांगतात. तो पट्टकदंबासारखा, हिमालय ओलांडून हिवाळ्यात जायकवाडीसारख्या जलाशयांवर येणारा पक्षी. म्हणून ही नावं ठेवू नयेत असं नाही. नाव ठेवावं आणि मुलाला त्यामागचं पाखरूही दाखवावं.

पक्ष्यांची मराठी नावं शोधायची असतील, तर मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ पाहावा. विदर्भातल्या जंगलांत वनाधिकारी म्हणून आयुष्य घालवलेला हा लेखक २०२५ साली गेला. पण गावागावांतल्या पाखरांची नावं त्यांनी कागदावर उतरवून ठेवली आहेत.

एक व्यवहाराची गोष्टही सांगतो. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, पण नाव त्याच दिवशी द्यावं लागत नाही. बारा महिन्यांच्या आत ते शुल्काशिवाय नोंदवता येतं. तेव्हा घाईनं यादीतलं नाव उचलण्यापेक्षा घरातल्या म्हाताऱ्यांशी दोन दिवस बोलावं.

रोहिणखेडच्या आजोबांना मी एवढंच सांगितलं, “बाबा, पीहू म्हणजे आपला पावशा. ‘पेर्ते व्हा’ म्हणतो ना, तोच.” ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पावशा व्हय? तो तर आपल्या धुऱ्यावरच्या आंब्यावर येते दरसाली.” मांडीवरच्या नातीकडे वाकून त्यांनी पहिल्यांदा हाक मारली, “पीहू!” आणि लगेच सुनेला विचारलं, “घरात मी मैना म्हनलं, तर चालीन ना?”

सून हसून मानेनंच हो म्हणाली.