कमावलेला आवाज, राखलेला आवाज

सावरकरांनी 'संगीत उःशाप' हे नाटक लिहिलं ते 1927 साली, रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत. त्या काळच्या गायक नटाला ध्वनिक्षेपकाचा आधार नव्हता. ऑर्गन आणि तबल्याच्या वरून पद शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं, 'वन्समोअर' आला की तेच पद पुन्हा म्हणायचं, आणि नाटक रंगलं की रात्र सरेपर्यंत उभं राहायचं. 1880 साली किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून सुरू झालेल्या या संगीत रंगभूमीने असामान्य गळे घडवले. किती गळे वाटेत बसले, याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

आवाज 'कमावण्या'ची रीत ठरलेली होती. पहाटे उठून खर्ज, म्हणजे खालचे सूर, लावायचा, मग पलटे. पथ्यंही ठरलेली: थंड नको, आंबट नको, तेलकट नको. जोडीला ज्येष्ठमध आणि खडीसाखर. यातल्या खर्जाच्या सरावात खरं शहाणपण आहे, कारण त्यात स्वरतंतू सैल राहून हळूहळू तयार होतात. ज्येष्ठमधाने घसा ओला राहतो, बरं वाटतं. पण गिळलेली कुठलीही वस्तू स्वरतंतूंना शिवत नाही. ती अन्ननलिकेत जाते, आणि चुकून श्वासनलिकेकडे वळलीच तर ठसका लागतो. स्वरतंतूंपर्यंत थेट पोचते ती श्वासाबरोबर जाणारी वाफ, आणि दिवसभर प्यायलेलं पाणी आतल्या बाजूने काम करतं.

त्या तंतूंवर किती काम पडतं? काळी चार पट्टीत गाणाऱ्या बाईने मध्य षड्ज लावला की ते सेकंदाला सुमारे 208 वेळा एकमेकांवर आपटतात. पाच मिनिटं गायलं तर आपटण्याची संख्या साठ हजारांवर जाते, आणि तार सप्तकात हाच वेग दुप्पट होतो. सूज आलेल्या तंतूंवर जोर देऊन गात राहिलं की त्यांच्यावर गाठी येऊ शकतात. तंतू हलताना पाहण्याची युक्ती काढली ती एका गाणं शिकवणाऱ्यानेच. मानुएल गार्सिया या स्पॅनिश गुरूने 1854 मध्ये छोटा आरसा घशाशी धरून, सूर्यप्रकाशात स्वतःचे स्वरतंतू पाहिले. 'शाकुंतल' रंगमंचावर यायच्या सव्वीस वर्षं आधी! आपल्या नाटक कंपन्यांपर्यंत ते ज्ञान आलं नाही.

आवाज जाण्याचं दुःख मोठ्या गायकांनाही चुकलं नाही. अल्लादिया खाँ तरुणपणी आमलेटा संस्थानात अतिरेकी गाऊन आवाज गमावून बसले. पूर्वीचा आवाज परत आलाच नाही. उरलेल्या आवाजात काय होऊ शकेल याचा विचार करत त्यांनी आपली गायकी नव्याने बांधली, आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गुंतागुंतीची, अखंड वाहणारी लय त्यातून आली असं मानलं जातं. त्याच घराण्याच्या किशोरी आमोणकरांचा आवाजही ऐन विशीत गेला. आयुर्वेदाच्या उपचारांनी तो परत आला, पण गाणं बंद असलेल्या त्या काळात त्यांनी केलेला विचार पुढच्या गाण्यात उतरला. कुमार गंधर्वांचं तर एक फुप्फुस क्षयाने निकामी झालं. 1948 पासून ते देवासला होते, आणि 1953 च्या सुमारास पुन्हा गाऊ लागले तेव्हा श्वासाच्या नव्या मापाला साजेल असं गाणं घेऊन.

या तिघांच्या गोष्टी चमत्कार म्हणून सांगितल्या जातात. खरं तर तिघांनीही शरीराचं ऐकलं.

कुमारांचे गुरू बी. आर. देवधर यांनी मात्र आवाज राखण्याचं हे शहाणपण सगळ्यांसाठी मांडायचा प्रयत्न केला. मिरजेत जन्मलेल्या देवधरांनी 1925 मध्ये मुंबईत संगीत विद्यालय काढलं, स्क्रिन्झी या इटालियन शिक्षकाकडे पाश्चात्त्य संगीत शिकले, आणि पुढे 'आवाज साधना शास्त्र' लिहिलं. अशोक रानड्यांनी गायक आणि नट दोघांच्याही आवाजाचा अभ्यास पुढे नेला. त्याच्या कितीतरी आधी ऑस्ट्रेलियात एफ. एम. अलेक्झांडर या काव्यवाचकाने, आवाज सारखा बसतो म्हणून, आरशांपुढे उभं राहून स्वतःला न्याहाळलं होतं. बोलायला तोंड उघडताच आपण डोकं मागे खेचतो, स्वरयंत्र दाबतो आणि तोंडाने श्वास ओढतो, हे त्याला दिसलं. दोष घशात नव्हता, मानेत आणि पाठीत होता. मांडी घालून, पोक काढून, पेटीवर झुकून तासन्‌तास रियाज करणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावं.

रत्नागिरीत आज संगीत नाटक जगवणारी खल्वायनसारखी संस्था आहे, थिबा राजवाड्याच्या प्रांगणात संगीत महोत्सव भरतो, सावरकर नाट्यगृहात ध्वनियंत्रणा आहे. 1977 पासून आकाशवाणीच्या केंद्राने माइकजवळ हळू बोलण्याची सवयही लावली. पण जिल्ह्यात सर्वांत जास्त गळा झिजवणारी माणसं वेगळीच आहेत. शिमग्यात नमन-खेळ्यांचं लोकनाट्य करणारी, गणपतीत जाखडीच्या नाच-गाण्याचे सामने रंगवणारी. जाखडीत शक्तीवाले आणि तुरेवाले अशा दोन गटांचे शाहीर रात्रभर सवाल-जवाब करतात, ढोलकी आणि झांजा कानाशी घुमत असतात, आणि सकाळी पुन्हा शेत, रिक्षा किंवा शाळेचा वर्ग.

आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्ये दाखवलं. शाहिराच्या हाती माइक आला, पण बहुतेक ठिकाणी भोंगे प्रेक्षकांकडे तोंड करून असतात. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तो माइकमध्येही ओरडतो. एक लहान स्पीकर गाणाऱ्याकडे वळवून ठेवला तर बराचसा ताण तिथेच उतरेल. मंडळाच्या खर्चात तो सहज बसतो. बारीनंतर, म्हणजे सामन्यानंतर, मध्यरात्री पोटभर जेवून लगेच आडवं होणं टाळलं, तर पोटातलं आम्ल घशापर्यंत चढण्याची शक्यता कमी होईल. बसलेल्या आवाजात कुजबुजू नये, तंतूंवर त्याचाही ताण पडू शकतो. गप्प बसणं बरं. सारखं खाकरण्यापेक्षा घोटभर पाणी प्यावं. आणि घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला, तर पुढच्या बारीची सुपारी घेण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घ्यावेत.